वणवा, मोहफूल आणि आपले आरोग्य

गेल्या आठवड्यात प्रताप नगरातील माझ्या दवाखान्यात एक निवृत्त गृहस्थ पाय भाजून आले. घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर कडुनिंबाचा पाला साचला होता. झाडून गोळा केला आणि काडी लावली. वारा सुटला, आग वाळलेल्या गवतातून सरकू लागली, म्हणून ते पायाने विझवायला गेले. टेरिकॉटची पँट घोट्याजवळ वितळून कातडीला चिकटली. घरच्यांनी त्यावर टूथपेस्टचा जाड लेप दिला होता. तो धुऊन काढताना मी जरा रागावलो, तर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिकडे गडचिरोलीत आदिवासी अख्खे जंगल जाळतात. त्यांना कोणी काही बोलत नाही!"

वाचकहो, त्यांच्या या वाक्यावरच आजचा लेख आहे. कारण एके काळी मीही अगदी हेच म्हणत होतो.

मावशींनी दिलेला धडा

एम.बी.बी.एस. झाल्यावर काही काळ मी गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याकडच्या जंगलभागात नोकरी केली. तीस वर्षे होऊन गेली. मार्चअखेरचे दिवस होते. एक गोंड बाई कोपरापर्यंत हात भाजून आल्या. मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला होता, तो विझवताना भाजल्या. मी मलमपट्टी केली आणि सोबत भाषणही दिले: जंगल जाळू नये, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "डाक्टर, पाला झाडाले एका झाडाखाली अर्धी सकाळ जाते. माह्याकडं सहा झाडं हायेत. तुमी येता का खराटा घेऊन?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे त्यांच्याच गावात दोन-तीनदा पहाटे गेलो, तेव्हा त्यांचे म्हणणे कळले.

मोहाची फुले रात्रीतून गळू लागतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. उन्हे चढण्याआधी ती वेचावी लागतात, नाहीतर गुरे आणि जंगलातली जनावरे खातात. नेमक्या याच दिवसांत झाडाची पाने गळून खाली वीतभर थर झालेला असतो. त्या थरात फूल सापडत नाही. पाला जाळला की काळ्या जमिनीवर पिवळसर फूल लगेच दिसते. अंधारात पाल्याखालचा साप-विंचूही टळतो. म्हणजे आग लावण्यामागे आळस नव्हता. घरात माणसे कमी, वेळ कमी आणि वर्षाच्या मीठ-मिरचीचा पैसा त्या फुलांत, असा तो हिशेब होता.

पण हा हिशेब एका ठिकाणी चुकतो. पेटवलेला पाला एखादवेळी विझत नाही आणि वारा त्याला जंगलात नेतो. आपल्याकडचे जंगल पानगळीचे आहे. इथला वणवा बहुधा झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत जात नाही, तो जमिनीवरच्या पाल्यातून सरपटत जातो. मोठी झाडे जाड सालीमुळे वाचतात, पण मोहाची, चारोळीची, तेंदूची रोपे मात्र जळून जातात. आईच्या झाडाखाली लेकरू उरत नाही. वर्षानुवर्षे असे झाले तर नातवाला वेचायला मोह कुठून राहणार?

सगळ्या आगी मोहामुळे लागतात असेही नाही. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून लावलेली आग, रस्त्यावरून जाणाऱ्याने फेकलेली विडी, सहलीला आलेल्यांची न विझवलेली चूल ही कारणेही आहेत. आपल्या भागात जवळपास प्रत्येक वणव्यामागे माणसाचा हात असतो. त्यामुळे तो टाळणेही माणसाच्याच हातात आहे.

गाव तयारी कशी करते?

वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते. जाळरेषा आखणे हे त्यातले मुख्य काम. म्हणजे जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा पाला-गवत काढून मोकळा ठेवायचा. खायला काही मिळाले नाही की आग तिथेच थांबते. आता उपग्रहावरून आगीची सूचना मिळते आणि पाला उडवणारी यंत्रेही आली आहेत. परंतु सूचना मिळाल्यावर तिथे पोहोचणारे पाय गावातल्याच माणसांचे असतात.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव अनेकांनी ऐकले असेल. या गावाची ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. परंतु जंगल जपण्याचे नियम गावाने त्याच्या कितीतरी आधी स्वतःच केले होते. जंगलाला आग लावायची नाही आणि लागली तर सगळ्यांनी विझवायला जायचे, हा त्यांतला एक.

दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचे. या गावाला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. तेंदूपत्ता हे हातात रोख पैसा देणारे पीक. तरीही तेंदूपत्ता तोडायचा नाही असे या गावाने ठरवले. पानांसाठी झाडे छाटली जातात, आग लावली जाते, आणि झाड वाढू दिले तर तेंदूची फळे खायला मिळतात, असा त्यांचा विचार. बांबूच्या उत्पन्नावर त्यांनी भर दिला. विडीने खोकणारे रोगी रोज तपासणारा डॉक्टर म्हणून मला या निर्णयाचे दुप्पट कौतुक वाटते.

प्रत्येक गावाला तेंदू सोडणे परवडणार नाही, हे मान्य. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. हंगामाच्या दीड-एक महिना आधी तेंदूची झुडपे छाटली तर आग न लावताही चांगली पाने फुटतात. मोहासाठी झाडाखाली जाळी बांधतात. फूल जाळीत पडते, स्वच्छ राहते, मातीचे नसल्याने भावही बरा येतो, आणि पाला जाळायची गरजच उरत नाही. माझ्या मावशींच्या प्रश्नाचे हे खरे उत्तर होते. माझ्या भाषणापेक्षा एक जाळी त्यांच्या जास्त कामाची होती. आणि जिथे जाळी नाही, तिथे पाला झाडून बाजूला करायचा. पेटवलाच तर भोवती मोकळी कड करून, माणूस उभा ठेवून, आणि पूर्ण विझल्याशिवाय जागा सोडायची नाही.

आग लागल्यावर गावकरी पळसाच्या किंवा इतर झाडांच्या हिरव्या डहाळ्यांनी कडेकडेने झोडपून ती विझवतात. जाणती माणसे काही गोष्टी पाळतात, त्या आपणही लक्षात ठेवाव्या. आग चढणीला वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला उभे राहू नये. वारा ज्या दिशेने वाहतो त्या तोंडावर जाऊ नये. एकट्याने जाऊ नये. पळायची वाट आधी पाहून ठेवावी. जळून थंड झालेली काळी जमीन ही त्यातल्या त्यात सुरक्षित जागा. भर दुपारपेक्षा रात्री व पहाटे आग मंदावलेली असते, तेव्हा ती आटोक्यात येते.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील आदिवासीही कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच, गवतात ओल असताना, थोडे थोडे पट्टे जाळून ठेवतात, म्हणजे पुढे मोठा वणवा भडकत नाही. त्यांचे जंगल वेगळे, आपले वेगळे, त्यामुळे त्याची नक्कल करू नये. पण काम आग लागण्याआधी करायचे, ही समज दोन्हीकडे सारखीच आहे.

शरीरावर काय परिणाम होतो?

वणव्याच्या धुरात अतिशय बारीक कण असतात. ते फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात. दमेकरी, जुना खोकला असलेले विडी ओढणारे, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना त्याचा लवकर त्रास होतो. नाकाला ओला गमछा बांधल्याने राख अडते, बारीक धूर आणि विषारी वायू मात्र अडत नाहीत. म्हणून गमछ्याच्या भरवशावर धुरात थांबू नये. एन-९५ मास्क कणांपासून बऱ्यापैकी वाचवतो, पण वायूंपासून तोही वाचवत नाही.

विदर्भातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे आदिवासी आणि इतरही काही समाजांत सिकलसेल आजाराचे रुग्ण बरेच आहेत. शरीरातले पाणी कमी झाले, ऑक्सिजन कमी पडला किंवा फार श्रम झाले की त्यांच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडा-सांध्यांत असह्य दुखते. उन्हाळ्यातला वणवा म्हणजे ही तिन्ही कारणे एकाच ठिकाणी. सिकलसेलच्या रुग्णाने आग विझवायला जाऊ नये. गावाने त्याला पाणी पुरवण्याचे किंवा फोनवर निरोप देण्याचे काम द्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

जे जातात त्यांनी अंगभर सुती कपडे आणि पायात बंद जोडे घालावेत. नायलॉन, टेरिकॉट नको. निघण्याआधी आणि काम करतानाही तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. चक्कर, मळमळ, गोळे येणे किंवा बरळणे दिसले तर त्या माणसाला लगेच सावलीत आणून अंग ओले करावे, वारा घालावा. बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी न घालता दवाखाना गाठावा.

भाजल्यावर काय करावे?

१. कपडे पेटले तर धावू नका. जमिनीवर आडवे होऊन लोळा किंवा जाड सुती चादरीत गुंडाळा.

२. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहते ठेवा. उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ लावू नका. लहान मुलाचे बाकीचे अंग मात्र उबदार ठेवा.

३. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. नंतर सूज आली की ती निघत नाहीत. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.

४. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, तूप, शेण, राख यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैलसर गुंडाळा.

५. रोग्याचा तळहात बोटांसकट म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. तळहातापेक्षा मोठे भाजले असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, गुप्तभाग भाजला असेल, तर डॉक्टरला दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. दहा तळहातांएवढे, आणि मुलांत पाच तळहातांएवढे, भाजले असेल तर थेट मोठे रुग्णालय. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

६. आवाज घोगरा झाला, नाकातले केस करपले, थुंकीत काजळी आली किंवा धाप लागली, तर बाहेरून भाजलेले नसले तरी श्वासनलिका आतून सुजत असू शकते. थांबू नका. धुरात राहिल्यावर डोके दुखणे, उलटी, गुंगी आली तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्यावी. अशा वेळी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवून फसवते. त्यावर विसंबू नका.

शहरातल्यांनी काय करावे?

नागपुरातही अंबाझरी, गोरेवाडा भागातील जंगलात उन्हाळ्यात आगी लागल्या आहेत. वणवा दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सहलीला गेल्यावर चूल पाणी ओतून, हात लावून गार झाल्याची खात्री करून सोडावी. गाडीतून विडी-सिगारेट फेकू नये. आणि प्लॉटवरचा पाला जाळू नये. त्या धुराचा पहिला घास शेजारचे दमेकरी आजोबा घेतात. खड्डा करून त्यात पाला, थोडे शेण आणि पाणी टाकले की पावसाळ्यापर्यंत चांगले खत होऊ लागते.

हे सगळे त्या गृहस्थांना मी सांगितले. दुसऱ्या ड्रेसिंगला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, खड्डा खणवून घेतला. पण पाला झाडायला फार वेळ लागतो हो!"

मला एकदम त्या मावशी आठवल्या. आपल्या एका प्लॉटचा पाला झाडताना आपण कंटाळतो. सहा झाडांखालचा पाला झाडून, वर मजुरीला जाणाऱ्या बाईला आपण दुरून दोष देतो. तिने जंगल जाळू नये असे खरोखर वाटत असेल, तर तिच्या झाडाखाली जाळी पोहोचली पाहिजे आणि तिच्या स्वच्छ फुलाला चांगला भाव मिळाला पाहिजे. तोपर्यंत निदान आपल्या अंगणातली काडी तरी आपण खिशातच ठेवावी.