साकव कुठाय, ते आधी विचारा

माझा उजवा बूट अजून त्या पऱ्यात कुठेतरी दगडाखाली असेल, नाहीतर एव्हाना समुद्राला मिळाला असेल. बुटाचं काही नाही. तो जाण्याआधी दहा मिनिटं मी जे वागलो, ते बावन्नाव्या वर्षी वागायला नको होतं.

जुलैचा दुसरा रविवार. मी, मेहुणा आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा असे तिघे रत्नागिरीहून उक्षीकडे निघालो. उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, गावाने तो जपला आहे. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. हत्ती बघून झाला आणि पोराने टूम काढली, की आलोच आहोत तर घळीत उतरू. कुठली घळ ते सांगत नाही. सांगितली तर पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या लागतील. आमचा बेत असा, की सड्यावरून घळीत उतरायचं, पऱ्याच्या कडेने झाडीतून तासभर चालायचं, समोरच्या अंगाने वर चढायचं आणि सड्यावरून फिरून गाडीपाशी यायचं. गोल वाट, म्हणजे चुकायचा प्रश्न नाही, असं मीच म्हणालो होतो.

घळ सुंदर होती यात शंका नाही. वर सगळा उघडा कातळ आणि वीस पुरुष खाली उतरलात की ऐन, किंजळ, जांभूळ, रातांब्याची झाडं, डोक्यावर आभाळ नाहीच. दगडांना बोटभर शेवाळ. पऱ्या घोट्याएवढा, काचेसारखा. दोनदा ओलांडला, खेकडे बघितले, फोटो काढले.

पाऊस कधी वाढला ते झाडीखाली कळलंच नाही. गोल वाटेची मेख इथेच आहे. आल्या वाटेने परतणाऱ्याला जागा ओळखीच्या असतात. गोल फिरणाऱ्याचा पुढचा प्रत्येक उतार नवा, आणि मागे तोच पऱ्या दोनदा आडवा. निम्मं अंतर झालं की वाटतं, आता मागे कशाला? आम्हालाही तसंच वाटलं.

तिसऱ्यांदा ओलांडताना पोरगा पुढे होता. तो उड्या मारत पलीकडे गेला. मी बुटाची नाडी बांधत होतो. मान वर केली तर पाण्याचा रंग चहासारखा झालेला. मेहुण्याने मुलाला हाक मारेपर्यंत मधले दगड दिसेनासे झाले. बाप तो, तसाच निघाला. त्याला आवरायचं सोडून मी म्हटलं, "हात धर, साखळी करून जाऊ." पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं. तिसऱ्या पावलाला पायाखालचा दगडच निघाला, मी आडवा झालो आणि खांदा जांभ्यावर आपटला. मेहुण्याने शर्टाची कॉलर सोडली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पलीकडून आरोळी आली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, कमरेला कोयती, लावणीवरून जेवायला निघालेला वाडीतला माणूस. "पानी तांबडा झाला का पाय घालायचा नाय! बसा तिथंच, पोराला मी आनतो साकवावरनं!"

साकव, म्हणजे पऱ्यावरचा छोटा पूल, होता. वरच्या अंगाला, अर्ध्या तासावर. वाडीतले लोक रोज त्यावरूनच जात-येत होते. आम्ही वाडीतून आलो, तरी कुणाला काही विचारलं नव्हतं.

तासाभराने पोरगा आमच्या बाजूला आला. तोवर आम्ही पाण्यापासून बरेच वर, उताराला बसलो होतो आणि मी हिशेब करत होतो. एक चौरस किलोमीटर सड्यावर नुसता एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी ते पाणी होतं एक कोटी लिटर. जूनमध्ये तहानलेला जांभा त्यातलं बरंचसं पिऊन टाकतो. जुलैत त्याचं पोट भरलेलं असतं. माती नाही, उतार आहे, मग पडलेलं पाणी जाणार कुठे? घळीत. तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी वर सड्यावर सर येऊन गेली की पऱ्या फुगतो. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, तीही असाच लोंढा अचानक आल्याने. म्हणून हवामान खात्याचा इशारा जरूर बघा, पण तो जिल्ह्याचा असतो. तुमच्या पऱ्याचा इशारा पाण्याच्या रंगात असतो. गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जड झाला की कडेला राहून वर सरकायचं. फुगलेला छोटा पऱ्या पाऊस थांबल्यावर बहुधा तास-दोन तासांत उतरतो. आमचाही उतरला. त्या दोन तासांची घाई जिवावर बेतते.

आणखी दोन गोष्टी. ओलांडताना सगळ्यांनी थांबून एकदम ठरवायचं, की जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. आमची खरी चूक पाण्यात उतरणं नव्हे, त्याआधी एकाला पुढे जाऊ देणं ही होती. दुसरी गोष्ट फुरशाची. सड्यावर दगडाच्या फटीत हात घालू नका, बसताना बघून बसा. फुरसं पळून जात नाही, वेटोळं घालून अंगावरचे खवले करकर घासत बसतं. चावलंच तर बांधाबांध नको, कापाकापी नको. तो अवयव हलवू नका, 108 ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. घळीत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे कुठे उतरणार आणि किती वाजता वर येणार हे घरी आधीच सांगून ठेवावं लागतं. मी बायकोला "जरा उक्षीला जाऊन येतो" एवढंच सांगितलं होतं.

धोका फक्त पाण्याचा आणि फुरशाचाच नाही. उक्षीजवळचा रानपाटचा धबधबा तर कोकण रेल्वेच्या खिडकीतूनही दिसतो. तो जवळून बघायला रुळावरून, बोगद्याच्या तोंडाशी चालत जाणारे बघितलेत. त्यांना काय सांगायचं? रुळावरून चालणं गुन्हा आहे, आणि बोगद्यातून येणारी गाडी हॉर्न ऐकू येईपर्यंत अंगावर आलेली असते.

त्या माणसाला आम्ही पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. वाडीत नेऊन त्याने चहा पाजला आणि मला त्याच्या मुलाची एक चप्पल दिली. पुढच्या रविवारी ती परत द्यायला गेलो, तेव्हा साकवावरून गेलो. दोन लोखंडी खांब, वर फळ्या, एका बाजूला दोरी, बस. खाली पऱ्या तांबडाच होता. तुम्ही गेलात तर वाडीतल्या पहिल्या घरासमोर थांबा आणि विचारा, "साकव कुठाय?"