मुलीला नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायचंय? आदिलाबादमधला हिशेब

सरकारी शाळा-कॉलेजातल्या नेतृत्व शिबिराची फी शून्य. खर्च होतो तो शिबिराच्या आजूबाजूला, आणि तोच तुम्हाला आधी कुणी सांगत नाही.

मुलगी चौथीत असेल तर सरकारी निवासी गुरुकुलाची पाचवीची सामाईक प्रवेश परीक्षा धरा. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा फेब्रुवारीत, फी १०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न गावात दीड लाख, शहरात दोन लाखांच्या आत हवं. राहणं, जेवण, पुस्तकं फुकट. २०१४ साली तेराव्या वर्षी एव्हरेस्ट चढलेली निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा अशाच सरकारी गुरुकुलात शिकत होती. हैदराबादची ‘व्हॉइस फोर गर्ल्स’ ही संस्था आरोग्य, हक्क, सुरक्षितता आणि नेतृत्वाची शिबिरं गुरुकुलांतून घेत आली आहे. ‘आमच्या शाळेत शिबिर कधी?’ असं मुख्याध्यापिकांनाच विचारा.

पाचवीची संधी हुकली तर सहावीला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय आहे. शाळा सुटलेल्या, अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलींना तिथं प्राधान्य मिळतं.

मुलगी तेरा वर्षांची झाली आणि शाळेत एनसीसी असेल तर नाव घालाच. गणवेश आणि शिबिरातलं जेवण सरकारी असतं. दोन वर्षांनी ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. पुढं कॉलेजात एनएसएस: दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. गावात सर्वेक्षण करणं, सभेत उभं राहून बोलणं, पंचायतीकडे अर्ज घेऊन जाणं हे मुली तिथंच शिकतात. माझं मत विचाराल तर चकचकीत हॉटेलातल्या भाषणांपेक्षा हे सात दिवस भारी. ‘तीन दिवसांत लीडर’ म्हणून कुणी हजारो रुपये मागितले, तर ते सर्टिफिकेट कुठल्या प्रवेशाला चालतं ते लेखी मागा. तेवढं विचारलं तरी बहुतेक जण विषय बदलतात.

कागद आधीच जमवा: मुलीचं आधार, जन्मदाखला, बोनाफाईड, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, फोटो. दाखले मीसेवा केंद्रातून काढा, पावती घ्या, पावतीवर असेल तेवढेच पैसे द्या. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच आहे का, हे आजच बघा. ऐन मुदतीत अडतं ते इथंच. माहेर महाराष्ट्रातल्या किनवटचं, सासर इथल्या बेल्याचं अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. आईचा महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथल्या राखीव जागेला चालत नाही. तेलंगणाचा काढावा लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून दिवाळी झाली की कामाला लागा.

आता लपलेला खर्च. तेलंगणातल्या पल्लेवेलुगू आणि एक्स्प्रेस बसमध्ये महिला-मुलींना डिसेंबर २०२३ पासून तिकीट नाही, पण तेलंगणाचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. पैनगंगेपलीकडे गेलात की ही सवलत संपते. महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट पडतं. सोडायला जाणाऱ्या बापाचं भाडं आणि बुडालेली मजुरी वेगळी धरा. साबण-तेलासाठी गुरुकुलातल्या मुलींना सरकारच दरमहा पैसे देतं. २०२४ च्या वाढीनंतर तिसरी ते सातवीला १७५ रुपये, आठवी ते दहावीला २७५. त्याच कारणासाठी वसतिगृहात पुन्हा पैसे मागितले तर पावती मागा.

सगळ्यात महागडी गोष्ट मात्र कापूस. वेचणीच्या दिवसांत मुलीला घरी ठेवलं की शाळा बुडते, आणि शिबिराच्या निवडीच्या वेळी तिचं नाव कुणाला आठवत नाही.

भाषेचंही बघा. मराठी शाळेतून गेलेल्या मुलीला इंग्रजी माध्यमाचं गुरुकुल आणि तेलुगूत चालणारं शिबिर सुरुवातीला जड जातं. आधीच्या सुट्टीत रोज थोडं तेलुगू बोलायला लावा. शेजारी शिकवतील, पैसे पडत नाहीत.

शिबिराच्या परवानगीच्या कागदावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारा: तारखा, मुक्कामाची जागा, सोबत जाणाऱ्या शिक्षिकेचं नाव आणि तिचा फोन नंबर. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर मुलीकडून पाठ करून घ्या. तो फुकट लागतो.