१७ दिवस की ४ महिने?

प्रश्न : गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले. आता दुखत नाही. धावू का?

उत्तर : अमेरिकेची जोन बेनॉइट १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर १७ दिवसांत ऑलिम्पिक निवड मॅरेथॉन जिंकली, ऑगस्टमध्ये सुवर्णपदकही. मात्र तिची दुर्बिणीतून केलेली छोटी शस्त्रक्रिया होती. लिगामेंट नव्याने बसवलेल्यांनी तिचा कित्ता गिरवू नये.

दुखणं थांबलं म्हणजे कलम रुजलं असं नव्हे. धावणं साधारण तीन-चार महिन्यांनी सुरू होतं, तेही कॅलेंडर पाहून नव्हे. सूज नको, पाय पूर्ण सरळ व्हावा, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ७० टक्के हवी. (मांडीचा व्यायाम कंटाळवाणा, म्हणून तोच चुकवला जातो.)

सर्जन आणि फिजिओथेरपिस्टने होकार दिला, की सपाट रस्त्यावर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, तर एक पायरी मागे.