ब्रेक दाबताच पेडल धडधडतं

प्रश्न : आंबा घाट उतरल्यापासून ब्रेक दाबला की पेडल धडधडतं, स्टिअरिंगही थरथरतं. काय करावं?

उत्तर : स्टिअरिंग थरथरतंय, म्हणजे दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये आहे. गॅरेजवाले ‘डिस्क वाकली’ म्हणतात; खरं तर बहुतेकदा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. अवघा ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. तापलेले पॅड एकाच जागी दाबून धरले की त्यांचा थर तिथे चिकटतो. चाकाचे नट कमी-जास्त आवळले गेले तरी हेच होतं, म्हणून ते आधी तपासा. मग मायक्रोमीटरने डिस्कची जाडी मोजून घ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासून ती त्याखाली जाणार असेल, तर दोन्ही डिस्क पॅडसह बदला. आणि घाट कृपया खालच्या गिअरमध्येच उतरा.