एल्फांच्या सेनेचा जमाखर्च

‘वॉरहॅमर’ हा टेबलावर रंगीत पुतळ्यांनी खेळायचा युद्ध-खेळ इंग्लंडात १९८३ साली निघाला. त्यात प्रत्येक शिपायाची किंमत गुणांत असते. मी इथे २०१० ची आठवी आवृत्ती आणि एल्फांचे २०१३ चे पुस्तक धरतो. कंपनीने २०१५ मध्ये ही मांडणी थांबवली, पण जुन्या पुस्तकांवरून आजही डाव मांडता येतो.

भांडवल समजा २००० गुण. त्यातले निदान पाव, म्हणजे ५००, साध्या पलटणींवर खर्चलेच पाहिजेत. एल्फ भालाईत ९ गुणांना, गॉब्लिन ३ ला; घाव सोसण्याची ताकद मात्र दोघांची सारखीच! महाग माल, तोही नाजूक. मग तो घ्यावा कशासाठी? एल्फाचा वार बहुधा आधी पडतो, आणि हल्ला झेलताना त्याच्या भालाइतांच्या चार रांगा लढतात. म्हणून पाच-पाचांच्या चार रांगा कराव्यात : वीस भाले, १८० गुण, एकही भाला बेकार नाही. स्वतः चाल करून गेलात की चौथी रांग नुसती बघत राहते. अशा दोन तुकड्यांचे ३६०. उरलेल्या १४० त चौदा तिरंदाज. (निशाणवाला व वाजंत्री यांचा खर्च वेगळा.)

ड्रॅगनवरचा राजपुत्र झोकदार खरा, पण समोर तोफ असेल तर तेवढे भांडवल एकाच जागी गुंतवायला माझा हात धजत नाही.