शिबिराची सूत्रं कुणाच्या हाती?

प्रश्न : मुलाला उन्हाळी शिबिराला धाडायचंय. तिथल्या नेतृत्वाबद्दल काय विचारावं?

उत्तर : प्रमुखांच्या पदव्या नंतर, आधी मुलामागे रोज कोण असतं, ते विचारावं. ऑगस्ट 1907 मध्ये स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर जेमतेम वीसेक मुलांचं शिबिर भरवलं. केनेथ मॅक्लॅरन या जुन्या लष्करी मित्राला त्यांनी मदतीला घेतलं. नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्ड ऑर्डर्ली! (हौस म्हणायची.)

खरी मेख पुढे. लांडगे, बैल, डोमकावळे, कर्ल्यू पक्षी असे चार संघ आणि प्रत्येकाचा संघनायक त्यांच्यातलाच एक थोराड मुलगा. लांडग्यांच्या खांद्यावर निळ्या लोकरीची गाठ, बैलांच्या हिरवी. आपला कोण, हे लांबूनच कळे.

तेव्हा एवढंच विचारा : रात्री पोट दुखलं, तर पोरानं नेमकं कुणाला उठवायचं?