अदृश्य वायूचें वजन

भट्टींतून निघून गेलेला वायु आम्ही कसा तोलावा? तो पकडण्याचें कारण नाहीं. जळणाचा हिशेब पुरे. कर्बाचे १२ भाग प्राणवायूच्या ३२ भागांशीं संयोग पावले म्हणजे ४४ भाग कार्बन डायॉक्साइड होतो. हाच वायु पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवितो.

उपाहारगृहांतील मोठ्या सिलिंडरांत १९ किलो गॅस असतो. त्यांत कर्ब सुमारें १५.६ किलो. त्यास ४४ नें गुणून १२ नें भागिलें असतां सुमारें ५७ किलो येतात. म्हणजे जळणाच्या तिप्पट! अधिक वजन हवेंतील प्राणवायूचें होय.

खरेदींतून शिल्लक वजा केली कीं जळलेलें जळण कळतें. म्हणून दुकानाची वही हाच आमचा तराजू. एका सिलिंडराची नोंद राहिली, तर ५७ किलोंचा हिशेब चुकतो. हवा मात्र तो विसरत नाहीं.